घरून काय सांगितलं?

३ एप्रिल
ऑफिसमधून

ठमे,

तुझा पत्ता आईने दिला. दिला म्हणजे, मी मागितला नव्हता. भाजी निवडता निवडता तिने तो मोठ्याने म्हटला आणि मी लिहून घेते का ते तिरक्या नजरेने पाहिलं. फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी डोळा पहिल्या ओळींवरून फिरतोच. म्हणून कामाचं आधी सांगते.

संस्थेने चौकशी समिती नेमली आहे. आरोप एकट्या तुझ्यावर आहे. "वसतिगृहाच्या रेक्टरनी आजारी विद्यार्थिनीला वेळेवर रुग्णालयात हलवलं नाही, आणि ती दगावल्यावर तिची चादर व कपडे धुऊन पुरावा नाहीसा केला." वाक्य संस्थेच्या सचिवांचं. ते त्यांनी मला समोर बसवून वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "तुम्ही विद्यार्थी कल्याण विभागाच्या प्रमुख, आणि त्या तुमच्या सख्ख्या भगिनी. तुम्हाला जरा अवघडच जाईल."

मी म्हटलं, "अवघड तुम्हाला जाईल. मी बोलायला उभी राहणार आहे."

पुरावा! त्या गेलेल्या पोरीची, भिंगरीची, ओकारी तिच्या आईच्या नजरेस पडू नये म्हणून जिने बादलीत हात घातला, तिने पुरावा नाहीसा केला म्हणे. ज्यांनी उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्यांना धुणं म्हणजे फक्त कटकारस्थानच वाटणार.

आता आपल्या दोघींमधलं. विद्यार्थिनी गेली की तिची खोली कुलूपबंद करायची, घरचे येईपर्यंत उशीचीसुद्धा जागा बदलायची नाही, ही रीत मी या विभागात घालून दिली. ती आजही मला बरोबर वाटते. तू सगळं धुतलंस, वाळवलंस, घड्या घातल्यास. तिच्या आईने त्या घड्यांत तोंड खुपसलं आणि नाकाला साबणाशिवाय काही लागलं नाही, तेव्हा ती जशी ओरडली तसं ओरडणं मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्यावर मी तुला सगळ्यांच्या देखत म्हटलं, "हा शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं तुला?" ते शब्द मी परत घेते असं लिहिणार नाही. तुझी चूक झाली. पण माया करताना झालेली चूक आणि गुन्हा यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या हातात मी तुला देणार नाही.

सुनावणी महिनाअखेरीस आहे. ये.

ताई

११ एप्रिल
घरून

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मला श्रोत्यांनी टाळ्या न वाजवल्याची सवय नाही, पण शिकेन.

तू गेलीस तेव्हा वसतिगृहाच्या जिन्यात मला म्हणालीस, "ताई, त्या फोनचं कुठे बोलायचं नाही." मी तेव्हा हो किंवा नाही म्हटलं नव्हतं, हे लक्षात ठेव. या विभागात कामाला लागणाऱ्या नव्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवते: समोरचा रडत आला आणि "कुणाला सांगू नका हं" म्हणाला, तर त्याचं ऐकून घेण्याआधी वचन देऊन बसू नका. काय ऐकावं लागेल हे तुम्हाला ठाऊक नसतं. तूही माझ्याच हाताखाली हे शिकलीस. तेव्हा मी कुठल्या वचनाने बांधलेली नाही.

त्या दुपारी काय झालं ते तू मला इस्पितळाच्या बाकावर सांगितलंस, आणि मी ते शब्दन् शब्द पाठ केलं. आदल्या दिवशी कॉलेजच्या डॉक्टरांनी भिंगरीला तपासलं. साधा ताप, म्हणाले, पण डोकं वाढलं किंवा उलट्या झाल्या तर मोठ्या दवाखान्यात न्या. दुपारी उलट्या झाल्या. तू रिक्षाला निरोप धाडलास आणि नियमाप्रमाणे आधी घरी फोन लावलास, कारण आपल्या संस्थेत घरच्यांची संमती घेतल्याशिवाय मुलीला दाखल करता येत नाही. हा नियम एका पालकाच्या तक्रारीवरून झाला. मी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की एकोणीस वर्षांची मुलगी मतदान करते, तिला स्वतःचं डोकं दुखतंय की नाही हे ठरवता येतं. प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम, आवाज खाली."

फोन तिच्या आईने उचलला. काय म्हणाली? "परवा पेपर आहे तिचा. दरवेळी परीक्षा आली की हिचं डोकं दुखतं. तुम्ही लाड करू नका, झोपू द्या तिला. दवाखान्यात गेली की वर्ष गेलंच." तू पुन्हा म्हटलंस, ओकतेय हो. ती म्हणाली, "मी तिची आई आहे. मला माहीत आहे ती."

तू रिक्षा परत पाठवलीस. तिच्या उशाशी बसलीस. तिन्हीसांजेला ती हाकेला ओ देईना.

मेंदूज्वर होता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, चार-सहा तास आधी आणली असती तर वाचली असती का, ते सांगता येत नाही. तेही धड हो म्हणाले नाहीत, धड नाही म्हणाले नाहीत.

मी तुला त्या बाकावर म्हटलं, "मग तुझा काय दोष?" तू म्हणालीस, "ताई, तिची आई तिथे नव्हती. मी होते. डोळे माझे होते."

या एका वाक्याशी मी गेले कित्येक दिवस भांडते आहे. जेवताना भांडते, वर्गात भांडते. आणि हरते. पण तुझा दोष तू कबूल करणं वेगळं आणि संस्थेने स्वतःचा नियम तुझ्या पदराआड लपवणं वेगळं. तिच्या वडिलांना त्या फोनचा पत्ता नाही. इस्पितळात त्यांनी तुला शिव्या घातल्या, त्यांची बायको भिंतीला टेकून उभी होती, आणि तू मान खाली घातलीस. तुम्हा दोघींमध्ये तिथेच काहीतरी ठरलं, न बोलता. मला त्या ठरावात कुणी घेतलं नव्हतं.

एका ओळीत कळव: बोलू का?

ताई

२० एप्रिल
ऑफिसमधून

ठमे,

तुझ्या जागी नवी रेक्टर आली आहे. हसतमुख आहे, शिट्टी गळ्यात घालते. मुलींनी तिचं नाव पहिल्याच दिवशी 'ट्रॅफिक' ठेवलं. अकरा नंबरच्या खोलीतल्या दोघी परवा माझ्याकडे आल्या. एकीने विचारलं, "मॅडम, आमच्या बाई कधी येणार?" दुसरी तिला ढोसत म्हणाली, "गप गं, यांनीच तर घालवलं त्यांना." मग दोघी एकदम पांढऱ्या पडल्या. मी म्हटलं, "बसा. चहा घेणार?" घेतला त्यांनी. भीतीने घेतला.

आईही काही कमी नाही. काल मी सुनावणीचं भाषण तयार करत होते, खोलीत येरझाऱ्या घालत, मोठ्याने. ती दारातून म्हणाली, "छान आहे. सभा कुठे आहे?"

"सभा नाही, चौकशी आहे. ठमीची बाजू मांडायची आहे."

"ठमीची बाजू ठमीला विचारलीस?"

"ती उत्तर देत नाही."

"मग ते उत्तरच आहे की," म्हणाली, आणि तिने दिवा मालवला. मी अंधारात उभी. अशी आई असताना विरोधी पक्ष कशाला हवा!

तरीही ऐक. मी ठरवलं आहे. मी बोलणार. एवढी वर्षं मी मुलांना सांगत आले की गप्प बसणं ही सभ्यता नसते, ती सोय असते. ज्याची सत्ता असते त्याची सोय. या संस्थेने एक नियम केला, त्या नियमाने एका मुलीच्या जिवाचा निर्णय तिथे नसलेल्या माणसाच्या हाती दिला, आणि आता त्याच नियमाची पाठराखण करायला एका रेक्टरचा बळी हवा आहे. यावर मी गप्प बसले, तर आजवर जे जे बोलले ते सगळं नुसता घशाचा व्यायाम ठरेल.

तू मला एकदा म्हणाली होतीस, "ताई, तुला माणूस दिसत नाही, श्रोता दिसतो." लागलं होतं ते. पण समितीच्या खोलीत माणसं नसतातच, ठमे. तिथे पाच खुर्च्या असतात. खुर्च्यांशी कसं बोलायचं ते मला येतं.

तुझी परवानगी आता मी मागत नाही. कळवते आहे.

ताई

२९ एप्रिल
घरून

ठमे,

आज सुनावणी झाली. तू आली नाहीस.

खोली तीच, जिथे आपण नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. लांब टेबल, पलीकडे पाच जण. मधे अध्यक्ष, चष्मा कपाळावर. डाव्या हाताच्या भिंतीशी भिंगरीचे आईवडील. मला वाटलं होतं वडील एकटेच येतील. ती त्यांच्या शेजारी बसली होती, मांडीवर पर्स. पर्सची कडी ती उघडत होती, लावत होती. टक. टक. सचिवांनी दोनदा तिकडे पाहिलं.

मी उभी राहिले. ठमे, मी चांगली बोलले. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण चांगली बोलले. सुरुवात धुण्यापासून केली. म्हटलं, या संस्थेत पुरावा आणि माया यांतला फरक ओळखू शकेल असा एक तरी माणूस या टेबलामागे आहे का? एका सभासदाने मान खाली घातली. मग नियमावर आले. म्हटलं, रेक्टरच्या दारात रिक्षा उभी होती. डॉक्टरांची सूचना तिच्या हातात होती. मुलगी तिच्यासमोर ओकत होती. तिचे पाय कुणी धरले? तुमच्या नियमाने. 'आधी घरी विचारा.' तिने नियम मोडला असता तर तुम्ही तिला नियम मोडला म्हणून घरी पाठवलं असतं. पाळला म्हणून गुन्हेगार ठरवता. खोलीत शांतता होती. ती शांतता मी ओळखते. ती आली की मला कळतं, हे लोक आता माझे झाले.

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे रेक्टरनी घरी फोन केला होता?"

"केला होता."

"मग घरून काय सांगितलं?"

पर्सची कडी थांबली.

मी स्वतःच चालत त्या प्रश्नापर्यंत आले होते. पायरी पायरी मीच बांधली होती. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मला पाठ होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिचे वडील... नाही, तिचा नवरा, मला त्या क्षणी तो तिचा बापच वाटला इतका म्हातारा दिसत होता, तो तिच्याकडे वळून म्हणाला, "फोन? कधी आला होता फोन?" त्याच्या आवाजात संशय नव्हता गं. संशय असता तर मी बोलले असते. तो नुसता विचारत होता, किल्ली कुठे ठेवलीस असं विचारावं तसं.

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. फोन मी केला नव्हता."

"आत्ता तर म्हणालात की केला होता."

"रेक्टरनी केला असेल असं मी धरून चालले."

वडील म्हणाले, "आम्हाला कसलाही फोन आलेला नाही, साहेब." सचिवांनी ते लिहून घेतलं. फोनची नोंद काढा असं कुणी म्हणालं नाही. कशाला म्हणतील? त्यांना हवं होतं ते मीच ताटात वाढलं होतं: नियम निर्दोष, रेक्टरने तोही पाळला नाही.

दुपारी निकाल दिला. तुला कामावरून काढलं आहे. संस्थेच्या कुठल्याही वसतिगृहात पुन्हा घेणार नाहीत. वाचताना प्राचार्य माझ्याकडे बघत नव्हते.

तुला हेच हवं होतं ना? फोनचं कुठे बोलायचं नाही. नाही बोलले. मग मला असं का वाटतंय की मी तुझा शब्दही पाळला नाही आणि माझाही?

ताई

३० एप्रिल
घरून

ठमे,

कालच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. ते परत काढायला आत हात जाईना.

निकालानंतर मी बायकांच्या प्रसाधनगृहात गेले. तोंडावर पाणी मारत होते. भिंगरीची आई आत आली. आमच्या मागे नळ गळत होता, तो तिने आधी नीट बंद केला. मग आरशातूनच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुमच्या बहिणीने सांगितलं?"

"त्याच दिवशी. फक्त मला."

"मग का नाही बोललात?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" ती हसली. ते हसणं मी तुला वर्णन करून सांगणार नाही. "अहो, मी रोज वाट बघतेय, कुणीतरी बोलेल म्हणून. ह्यांना सांगायला जाते. तोंड उघडतं, आवाज फुटत नाही. शेजारी बसून जेवतात, मला म्हणतात, 'तू तरी खा, तुझा काय दोष.' रोज म्हणतात! म्हटलं, आज तिथे ती मोठ्या तोंडाची बाई असेल. ती काही कुणाला सोडायची नाही. ती बोलेल, एकदाचं होऊन जाईल. माझ्याकडे बघितलंत तेव्हा वाटलं, आता. आता बोलतील."

मला वाटलं होतं ते डोळे गप्प राहा म्हणतायत.

ठमे, आजवर मी किती चेहऱ्यांसमोर उभी राहिले! भरलेली सभागृहं वाचली, कुठल्या रांगेत जांभई आली ते मला व्यासपीठावरून कळतं. समोर बसलेल्या एका बाईचा एक चेहरा मला वाचता आला नाही. मी त्यात माझ्या मनातलं वाचलं, आणि वर त्याला दया म्हटलं.

मी म्हटलं, "चला, आत्ता जाऊ आत. मी असेन तुमच्याबरोबर."

"आत कोण आहे आता? उठले सगळे." बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला. तिने पदराने तोंड पुसलं. "त्यांनी काढलं ना तुमच्या बहिणीला?"

"हो."

"मी तिला तेव्हा इस्पितळात नख लावायला धावले होते. तिने हात पुढे नाही केले. मला म्हणायचं होतं तिने, तुम्हीच म्हणालात ना झोपू द्या? म्हणाली असती तर..." मग म्हणाली, "तिचा पत्ता द्या मला."

"विचारून सांगते."

"मी भांडायला जात नाहीये. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती एकटीच होती तिच्याजवळ. काय बोलली माझी पोरगी? पाणी मागितलं का? माझ्यावर चिडली होती का? हे दुसऱ्या कुणाला विचारू? आधी तिच्याकडून ऐकते. मग ह्यांना सांगते सगळं."

"सांगाल?"

"माहीत नाही," म्हणाली. हॉर्न पुन्हा वाजला. ती गेली.

आपल्या कामाची शिस्त सांगते की सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा पत्ता पालकांना द्यायचा नाही. म्हणून तुला विचारते. ती सांगेल की नाही, निकाल फिरेल की नाही, त्या हिशेबाने ठरवू नकोस. मी तिला त्यासाठी एका शब्दानेही ढकललेलं नाही, ढकलणारही नाही. ढकलायची ताकद, खरं सांगायचं तर, कालच संपली.

ताई

९ मे
बसस्थानकाच्या बाकावरून

ठमे,

तुझा मेसेज पोचला. "त्यांना पाठव." मी तो वर-खाली करून पाहिला, आणखी काही आहे का. नव्हतं. रागावले नाही. आईला दाखवला, तर ती म्हणाली, "बघ, बोलली की नाही." मी म्हटलं, "माझ्याशी नाही बोलली." आई म्हणाली, "तुझ्यामार्फत तरी बोलली." तिला फार आनंद झाला होता, म्हणून पुढे काही म्हटलं नाही.

आज सकाळच्या गाडीत तिला बसवून दिलं. घरी तिने बहिणीकडे जाते असं सांगितलं आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती येऊन गेलेली असेल, म्हणजे तिच्याशी कसं वागायचं याच्या सूचना द्यायची संधीच मला उरली नाही. बरंच झालं. काय सूचना दिल्या असत्या? सगळं सांग, की थोडं वगळ? भिंगरीने पाणी मागितलं असेल तर ते सांग, आणि आईला हाक मारली असेल तर? मला माहीत नाही. माझ्या सगळ्या कामात मी जे शिकले त्यात याचं उत्तर नाही.

जूनमध्ये नवे पालक येतील. मी दरवर्षी त्यांच्यासमोर बोलते, "आजपासून तुमची मुलगी आमची." लोक डोळे पुसतात. ती बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मला म्हणाली, "तुमचं ते भाषण ऐकून मी तिला इथे ठेवलं होतं हो." तक्रार नव्हती. आठवण काढली, एवढंच. यंदा प्राचार्यांना दुसरं कुणी बघा म्हणून सांगितलं आहे. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घसा बसला आहे.

गाडी सुटायला वेळ होता. तिने विचारलं, "तुमच्या बहिणीला काही सांगू?"

मी किती तरी जुळवाजुळव करून आले होते. सगळी गळून पडली. म्हटलं, "गेल्या गेल्या ती जेवली आहे का ते विचारा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पेपरचं बोलले होते त्या दुपारी."

कंडक्टर पुढून तिकिटं फाडत येत होता. गाडी बरीच रिकामी होती. तिने विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही नाही येत?"

"मला बोलावलेलं नाही."

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली, खिडकीकडे थोडी सरकली, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला.

मी खाली उतरले.

ताई